लिडियाच्या सांध्यातली जांभळी पट्टी

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसते. पांढऱ्या साडीतली बाई, उलटे पाय, वाटेत तंबाखू मागणारा म्हातारा... मी पुढे तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मांजर आडवं गेलं तर मी मांजरालाच हाकलते. भूतबित माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही आणि आता या वयात शिरायचंही नाही. पण एक गणित असं आहे की जे मला आजतागायत सुटलेलं नाही. ते मी कोणाला सांगितलंही नाही. ज्यांना सांगायला हवं होतं ते गेल्या वर्षी गेले. नात म्हणाली, आजी तू बोल, मी टाइप करते. अर्धं ऐकून झाल्यावर ती टाइप करायची थांबली आणि माझ्याकडे बघत बसली... म्हणून पुढचं मी कागदावर लिहून तिच्या हातात दिलं आहे.

पन्नासचं दशक नुकतं सुरू झालेलं. साहेब लोक जाऊन पाच-सहा वर्षं झालेली. आम्ही ठाण्याला चेंदणीत राहायचो, खाडीपासून चालत दहा मिनिटं. घरात आम्ही तिघं — मी, आमचे हे आणि सासूबाई. माझं माहेर कल्याणचं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. हे कल्याणपलीकडच्या मोहने गावातल्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. स्वभावाने गरीब. मान खाली घालून जेवणार, वाढलं ते खाणार, आमटीत मीठ नसलं तरी बोलणार नाहीत. मला वाटायचं, या माणसाला कशाचीच हौस नाही. तसं असतं तर फार बरं झालं असतं.

आमच्या घरात सवत आली ती कळव्याच्या चिखलातून. तिचं नाव लिडिया.

कोणा इंग्रज अधिकाऱ्याची ती शिडाची बोट. यॉट म्हणतात तसली, वीसेक फूट लांब, सगळी सागवानी. साहेब मायदेशी जाताना तिला कळव्याला एका मिठागराच्या बांधाशी तशीच सोडून गेला. पावसाळ्यामागून पावसाळे गेले, ती चिखलात एका कुशीवर पडलेली. ह्यांच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं आणि हे एका रविवारी बघायला म्हणून गेले. परत आले ते गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून, आणि चेहरा असा की सासूबाईंनी विचारलं, काय रे, लॉटरी लागली का? तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ह्यांना लहानपणापासून बोटीवर नोकरीला जायचं होतं, डोळ्यांच्या नंबरामुळे घेतलं नाही. दीड वर्षात हे मला सांगितलं नव्हतं. चिखलातल्या फळ्या बघून आले आणि सगळं भडाभडा बोलले.

मिठागरवाल्यांना ती अडगळच होती, त्यांनी घेऊन जा म्हटलं. कोळीवाड्यातल्या लोकांनी भरतीला ओढत ती आमच्या काठाला आणली. तिथे झापांची शेड बांधून तिला ठेवली, आणि कामाला धाकूनाना आले. धाकूनाना म्हणजे चेंदणीच्या कोळीवाड्यातले होड्या बांधणारे जुने सुतार. साठीचे, काटक, बोलायला कमी. ते दिवसा काम करायचे, हे संध्याकाळी आणि रविवारी. कुजलेल्या फळ्या काढल्या, नव्या बसवल्या. जुना रंग खरवडून काढायला ह्यांना दोन महिने लागले. घरी यायचे तर अंगाला जवसाच्या तेलाचा वास. साबणाने जायचा नाही. मी त्यांच्या शर्टाला रिठे लावून बघितले, तरी जायचा नाही.

मी आधी कौतुकच केलं हो. नवऱ्याला छंद आहे, पत्ते-तमाशा नाही, काय वाईट आहे? पण मग एकदा हे सासूबाईंना सांगताना मी स्वयंपाकघरातून ऐकलं, "आई, तिची कंबर बघ एकदा. असा बाक मी कागदावरसुद्धा काढू शकलो नसतो." कंबर! मी हातातलं पोळपाट तिथेच आपटलं. माझ्याबद्दल या माणसाने आजवर एवढंच म्हटलेलं की हिची भाकरी पातळ होते.

बोटीच्या मागच्या बाजूला पितळी अक्षरांत इंग्रजीत नाव होतं. ती अक्षरं हे चिंच लावून घासायचे. घरातली चिंच. देवाची भांडी घासताना मी हिशेबाने वापरायची आणि हे मूठभर घेऊन निघायचे. शेजारच्या बायका मला मुद्दाम विचारायच्या, काय गं, तुमच्या लिडियाबाई कशा आहेत? मी हसायची. हसताना दात दुखायचे.

आणि आता ऐका, सगळ्यात वरची गोष्ट. लाकडाची बोट उन्हाळ्यात किनाऱ्यावर पडून राहिली की फळ्या सुकतात, आक्रसतात आणि मधल्या फटी उघडतात. तसं होऊ नये म्हणून तिच्या अंगावर गोणपाटं टाकायची आणि ती सतत ओली ठेवायची. दुपारी धाकूनाना जेवायला घरी जायचे, मग जरा आडवे व्हायचे. हे मोहन्याला. मग दुपारी गोणपाटं भिजवणार कोण? तर मी! होळीपासून रोज दुपारी डोक्यावर पदर घेऊन, चटचटत्या उन्हात मी खाडीतून बादल्या भरून आणायची आणि सवतीला आंघोळ घालायची. आणि मन लावून घालायची, कारण मला कुठलंही काम अर्धं करता येत नाही. संध्याकाळी हे आल्या आल्या विचारायचे, "भिजवलीस ना नीट?" मी जेवले का, ते नाही.

धाकूनानांचं काम मात्र मी बघत राहायची, ते मला आवडायचं. फळ्या बसल्या की दोन फळ्यांमधल्या सांध्यात कापूस भरायचा. तेलात मुरवलेल्या कापसाची लांब वात करायची, बोथट पटाशी आणि लाकडी मोगरी घेऊन ती सांध्यात ठोकत जायची. सरळ नाही — बारीक बारीक चुण्या घालत, एकसारख्या अंतरावर. वरून चुना-तेलाची लांबी, म्हणजे मऊ लगदा, भरून सांधा बुजवायचा. नाना म्हणायचे, अक्षरावरून माणूस कळतो तसा चुण्यांवरून कारागीर कळतो. आपला हात कोणाला उसना देता येत नाही.

चैत्री पौर्णिमेला भर दुपारी मोठी भरती होती, त्या दिवशी बोट पाण्यात सोडायचं ठरलं. हनुमान जयंतीची सुट्टीही होती. आणि त्याच दिवशी कल्याणला माझ्या धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण होतं. माझी एकुलती एक बहीण. मी महिनाभर आधी ह्यांना सांगून ठेवलं होतं की आपण दोघं जायचं. आदल्या दिवशी सकाळी डबा भरताना पुन्हा आठवण केली. तर चपला घालता घालता म्हणाले, "अगं, उद्या कसं जमेल? भरती काय आपल्यासाठी थांबणार आहे?" मी म्हटलं, "आणि मी?"

"तू काय," हे हसून म्हणाले, "तू असतेसच."

आणि गेले. मनात काही नव्हतं त्यांच्या, मला माहीत आहे. पण ते दोन शब्द माझ्या कानांत दिवसभर राहिले. मी डाळ निवडली, कुकरच नव्हते तेव्हा, चुलीवर वरण शिजवलं, सासूबाईंना वाढलं... आणि मनात एकच. तू असतेसच. पाटासारखी, पाट्यासारखी, दारामागच्या केरसुणीसारखी.

दुपारी मी शेडमध्ये गेले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. लिडिया रंगवून तयार होती, वर पांढरी, खाली हिरवी. मागच्या बाजूला खालच्या अंगाला एक सांधा नानांनी त्याच सकाळी नवा भरलेला, त्याची लांबी अजून ओली होती. मी अंबाड्यातला आकडा काढला. कसा काढला, कधी काढला, असं काही नाही. पूर्ण शुद्धीत काढला. आकड्याने लांबी खरवडली, कापसाचं टोक पकडलं आणि ओढलं. वात निघाली. चांगली दीड हात. सांधा आरपार मोकळा झाला, पलीकडचा उजेड दिसायला लागला. मग खरवडलेली लांबी अंगठ्याने वरवर परत लावली आणि बोट ओलं करून गुळगुळीत केली. आतून काही नाही, नुसता वरून लेप. घरी येऊन कापसाची वात बंबात टाकली. तेलाची असल्यामुळे भुर्रकन पेटली.

आता मी काय ठरवलं होतं तेही लिहिते, म्हणजे मला कोणी नवऱ्याच्या जिवावर उठलेली समजू नये. नाना नेहमी सांगायचे की बोट पाण्यात सोडली की दोन दिवस काठालाच बांधून ठेवायची. तिला पाणी पिऊ द्यायचं. फळ्या फुगतात, सांधे घट्ट होतात, मगच बाहेर काढायची. म्हणजे लिडिया काठाला बांधलेली असणार. तिच्यात पाणी शिरणार, सगळ्या कोळीवाड्यासमोर ती बुडासकट चिखलात बसणार, लोक हसणार, आणि ह्यांच्या डोक्यातून हे खूळ जाणार. एवढंच माझं गणित होतं. ह्यांना पोहता येत नव्हतं, पण काठाला बांधलेल्या बोटीत पोहता यायची गरजच काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंठवडा वाटून झाला आणि आम्ही खाडीवर गेलो. अख्खा कोळीवाडा जमलेला. बोटीच्या नाकाला झेंडूची माळ. सासूबाई म्हणाल्या, मालकीणबाई, हळदकुंकू तुम्ही लावा. कोळणींनी सांगितलं, होडीची ओटी भरायची ती मालकाच्या बायकोनेच. मी खणनारळ ठेवला, हळदकुंकू लावलं. मान वर केली नाही, बायकांना वाटलं लाजते आहे.

पाणी चढलं. माणसांनी बोट ढकलली. ती सरकून पाण्यात उतरली आणि हलली. मी वाट बघत होते, आता दोर बांधतील. नानांनी आत वाकून बघितलं, फळ्यांवर हात फिरवला आणि वर बघून म्हणाले, "कोरडी हाय. रोज न्हानलीय ना बायचे हातशी, पानी पिऊन टुम्म झालीय. हिला दोन दिस थांबाची गरज नाय. चला सायेब, भरती हाय तंवर एक चक्कर मारू."

मी रोज मन लावून घातलेलं पाणी. त्याच्यामुळे बाकीचे सांधे फुगून घट्ट बसले होते. आणि म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत बोटीत चढले.

मी कापूस काढला. तीन शब्द. तेवढे बोलायचे होते. पण समोर पन्नास माणसं, सासूबाई, शेजारच्या बायका... शीड वर गेलं, वारा भरला. ह्यांनी सुकाणू हातात धरलं आणि ह्यांचा चेहरा... मी तो चेहरा लग्नात बघितला नव्हता. कधीच बघितला नव्हता. आणि हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला — त्या क्षणी मला वाटलं, बुडू दे.

एक क्षणच. बोट मधोमध गेली, मग रेल्वेच्या पुलाच्या दिशेने वळली आणि लहान लहान होत गेली. मी सासूबाईंचा हात धरला.

"आई, त्यांना पोहता येत नाही."

"मग? नाना आहेत ना बरोबर," सासूबाई म्हणाल्या, आणि कोळणींशी पुन्हा बोलायला लागल्या.

दीड हात मोकळा सांधा. पाण्याखाली. किती पाणी आत येईल, किती वेळात बोट भरेल, मी मनातल्या मनात हिशेब करत होते, आणि दर वेळी उत्तर पुलाच्या अलीकडचंच येत होतं. तासाभराने शीड पुन्हा दिसलं. मला वाटलं डोळे फसवताहेत. बोट मजेत आली, सरळ उभी, पाण्यावर तरंगत. हे लहान मुलासारखे हात हलवत होते. उतरल्या उतरल्या सगळ्यांना सांगत सुटले की आत थेंब नाही, हात ओले करायलासुद्धा पाणी नाही!

मी काठावरच बसले. लोक म्हणाले, ऊन लागलं.

मला वाटलं, मी चुकीचा सांधा काढला असेन, किंवा लांबीनेच पाणी अडवलं असेल. नाहीतर नाना रात्रीतून बघून गेले असतील. काहीतरी असेल. पाचच्या सुमाराला पाणी ओसरलं, बोट चिखलावर टेकली आणि जराशी कलली. हे तिच्याभोवती फिरत होते. मागच्या बाजूला गेले आणि वाकून थांबले.

"नाना, हे काय आहे?"

मी अंगठ्याने लावलेली लांबी धुऊन गेली होती. त्याखाली सांधा गच्च भरलेला होता. पांढऱ्या कापसाने नाही. काहीतरी जांभळं होतं. ह्यांनी नखाने एक टोक जरासं बाहेर काढलं. जांभळं इरकल, त्याला मोहरीच्या रंगाचा काठ, आणि जांभळ्या कडेला पिवळ्या दोऱ्याची टीप.

ती टीप माझी होती. आमच्या पहिल्या पाडव्याला ह्यांनी स्वतः निवडून आणलेली एकुलती एक साडी, तिचा पदर सुटायला लागला म्हणून मी हाताने टीप घातली होती. जांभळा दोरा मिळाला नव्हता म्हणून पिवळा घातला होता. हे तेव्हा त्यावरून हसलेही होते. त्यामुळे त्यांना ओळखायला क्षण लागला नाही.

ते उठून उभे राहिले आणि माझ्याकडे बघितलं. तो दुपारचा चेहरा — तो आता माझ्याकडे वळलेला होता.

"तू भरलंस हे? सांधा उघडला होता... आणि तू आपली साडी फाडलीस?"

मी मान हलवली. नाही म्हणून हलवली, पण रडत होते, त्यामुळे ती नाही म्हणून हलली की हो म्हणून, हे त्यांना कसं कळणार? सासूबाईंनी मला जवळ घेतलं. बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. एका मिनिटात गोष्ट तयार झाली: आदल्या दुपारी मी पाणी घालायला गेले, कापूस सुटलेला बघितला, जवळ काही नव्हतं, म्हणून लाडकी साडी फाडून नवऱ्याची बोट वाचवली, आणि बोलून दाखवलं नाही. किती गुणाची बायको! आणि मी तिथेच उभी होते.

घरी येऊन मी ट्रंक उघडली. किल्ली माझ्या कमरेलाच होती, दुसरी किल्ली नाही. ट्रंकेवर गाद्यांचा ढीग, जसाच्या तसा. साडी तळाशी, मी गुढीपाडव्याला नेसून घडी घालून ठेवली होती तशीच, घडीत मीच ठेवलेला कडुलिंबाचा पाला. घडी उलगडली. पदराची कड फाटलेली होती. सरळ, काठासकट, दीड हात.

दोन दिवसांनी मी पाणी घालायला म्हणून खाडीवर गेले. आता गरज नव्हती, पण पाय गेले. धाकूनाना एकटेच होते, बोटीच्या मागे उकिडवे बसून त्या सांध्याकडे बघत. मला बघून उठले नाहीत. बिडी ओढता ओढता अगदी हळू बोलले.

"बाय, कापूस कोनी कारला, त्ये मी इचारत नाय. माजा कापूस आपसूक निंगत नाय, एवरं मना ठावं हाय. पन ह्यो भरला कोनी?"

मी म्हटलं, "नाना, देवाशपथ, मला माहीत नाही."

त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. पट्टीच्या चुण्या एकसारख्या होत्या, दोन बोटांच्या अंतरावर एक, शेवटपर्यंत. असं काम करायला मला वीस वर्षं लागली, नाना म्हणाले. हा हात माझा नाही, माझ्या बापाचाही नाही. पण हात जुना आहे, आणि बिनचूक आहे. मग त्यांनी पट्टीच्या टोकाला बोट दाबून माझ्यासमोर धरलं. बोट तेलकट झालेलं होतं.

"त्याल आतपरयंत मुरलंय. आट दिस तरी भिजत परलं असंल."

आठ दिवस. मी कापूस काढला तो आदल्या दुपारी. म्हणजे मी तो काढायच्या आठवडाभर आधी, माझ्या मनात तसलं काही यायच्याही आधी, कोणीतरी माझ्या बंद ट्रंकेतली साडी फाडून तेलात घालून ठेवली होती. मला झोपेत चालायची सवय आहे का, मी भान हरपून काही केलं का, हे सगळं मी स्वतःला नंतर विचारून बघितलं. समजा फाडली मीच. पण मोगरी मी कधी हातात धरलेली नाही. मला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही.

नानांनी बिडी विझवली. "मंग आपन दोगंबी गप ऱ्हावू," एवढंच म्हणाले. ते शेवटपर्यंत गप्प राहिले. त्या सांध्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, वरून फक्त लांबी भरली. तो सांधा कधी गळला नाही.

पुढच्या रविवारी ह्यांनी पितळी अक्षरं उतरवली. मला काही विचारलं नाही. स्वतः ब्रश घेऊन बोटीवर देवनागरीत माझं नाव लिहिलं, ड्राफ्ट्समनच्या सुबक अक्षरात. मी किती दिवस त्या पितळी नावाचा दुस्वास केला होता! आता तिथे माझं नाव आलं आणि मला ते वाचवेना. कल्याणला माझ्या बहिणीकडेही हे दुसऱ्याच आठवड्यात आपणहून घेऊन गेले, आणि तिथे सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. बहीण मला म्हणाली, ताई, तू एवढी प्रेमळ आहेस हे मला माहीतच नव्हतं.

आम्ही त्या बोटीतून खूप फिरलो. घोडबंदरपर्यंत जायचो. हे मला नेहमी त्या सांध्याच्या बाजूला बसवायचे, ती तुझी बाजू म्हणायचे. पुढे पोरं झाली, जागा लागली, वेळ मिळेना, बोट वसईकडच्या एकाला देऊन टाकली. पण गोष्ट घरातच राहिली. मुलींच्या लग्नात सांगितली, जावयांना सांगितली. माझ्यावर कधी चिडले तर मध्येच थांबायचे — त्या पट्टीची आठवण यायची असणार — आणि आवाज खाली यायचा. मी आजारी पडले की पायाशी बसून राहायचे. माझं डोकं दुखलं तरी ऑफिसातून लवकर यायचे. "तू असतेसच" हे पुन्हा कधी त्यांच्या तोंडून आलं नाही. माझ्या सगळ्या मैत्रिणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा.

मी सांगायचं अनेकदा ठरवलं. पन्नासहून जास्त वर्षं मिळाली सांगायला. गेल्या वर्षी दवाखान्यात माझा हात धरून म्हणाले, "त्या दिवशी तू नसतीस तर मी खाडीतच गेलो असतो." त्या दिवशी मी होते म्हणूनच ते खाडीत जाणार होते. तेव्हाही मी फक्त पांघरूण नीट केलं. पापाची भीती वाटली म्हणून गप्प बसले असं कोणाला वाटेल. पण तसं नाही. मी सांगितलं असतं तर ते प्रेम माझ्याकडून उठून, तो सांधा जिने कोणी भरला तिच्याकडे गेलं असतं — ती कोण, कुठली, हे दोघांनाही माहीत नसताना.

लोक म्हणतील, साहेबाची मडम असेल, खाडीतली कोणी असेल, देवी असेल. म्हणोत. मला एकही उत्तर पटलेलं नाही आणि आता ते शोधायला वेळही उरलेला नाही. बोटीचा मत्सर मी वर्षभर केला आणि तो त्या संध्याकाळी संपला. पण माझी साडी फाडून ज्या बाईने माझ्या नवऱ्याचा जीव राखला, तिचा मत्सर मी रोज केला, भाकरी थापताना, त्यांच्या शेजारी बसून खाडीवरचा वारा खाताना, ते माझ्याकडे मायेने बघायचे तेव्हा तर फारच. कारण ते बघणं तिचं होतं. मी नुसती तिच्या जागी नांदले.